एजंटाचे पैसे कोणी द्यायचे?

दोन देशांच्या सरकारांनी करार करावा आणि त्यातून परदेशी जाणाऱ्या कामगाराचं भलं व्हावं, यावर माझा पुष्कळ वर्षं विश्वास नव्हता. असे करार मंत्र्यांच्या फोटोसाठी होतात, असं मी उघड म्हणत असे. आज मी तसं म्हणत नाही. मधल्या काळात काय घडलं ते लिहून ठेवावंसं वाटतं, कारण इथे गोव्यात, वास्कोत, सड्यावर, बायण्यात आणि आमच्या मूळच्या पेडण्यात आजही बहुतेकांचं मत माझ्या जुन्या मतासारखंच आहे. ते मत अडाणीपणातून आलेलं नाही. त्याला इतिहास आहे, आणि मीही त्या इतिहासाच्या आधारानेच बोलत होतो.

मुरगाव बंदरच मुळात दोन देशांच्या करारातून उभं राहिलं. डिसेंबर 1878 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. त्यातून हे बंदर आणि त्याला जोडणारी रेल्वे आली, आणि 1888 पर्यंत घाट चढून गाड्या जाऊ लागल्या. पण त्याच तहाने गोव्यातल्या मिठावरचं आणि दारूवरचं नियंत्रण इंग्रजांच्या हाती गेलं, आणि त्या बदल्यात पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये मिळू लागले. मिठागरात राबणारा आणि माडाची सूर काढणारा, दोघेही त्यात भरडले गेले. आमच्या पेडण्यात अगरवाड्याचं नावच मिठागरांवरून पडलेलं, तेव्हा मीठ हा तिथे पोटापाण्याचा प्रश्न होता. तह 1892 मध्ये संपला. तोवर कामासाठी मुंबईची वाट धरणाऱ्या गोवेकरांची संख्या वाढली होती, आणि अभ्यासक या स्थलांतराचा संबंध त्या तहाशी जोडतात. सरकारांना पैसे आणि बंदर मिळालं, माणसांना गाव सोडावं लागलं.

दुसरं उदाहरण याहून कडू आहे. आमच्यावर राज्य करणाऱ्या पोर्तुगालचंच मोझांबिकवरही राज्य होतं. तिथल्या मजुरांना ट्रान्सवालच्या सोन्याच्या खाणींत पाठवण्यासाठी पोर्तुगालने 1909 मध्ये ट्रान्सवालशी आणि पुन्हा 1928 मध्ये दक्षिण आफ्रिकेशी करार केला. मजूर द्यायचे आणि बदल्यात ट्रान्सवालच्या मालवाहतुकीचा ठरलेला हिस्सा मोझांबिकच्या लोरेंसो मार्किस बंदराला मिळवायचा, असा तो व्यवहार. मजुराच्या पगारातला एक भाग तिकडेच कापला जाई आणि घरी परतल्यावर त्याला स्थानिक चलनात मिळे. पुढे ही कापलेली रक्कम वसाहत सरकारला अधिकृत भावाने सोन्यात मिळू लागली. बाजारात सोनं महाग झालं तेव्हा मधला फरक सरकारने ठेवला. दगड फोडणाऱ्याला त्यातला छदामही मिळाला नाही. दोन देशांनी सही-शिक्क्यानिशी कामगारांचा व्यवहार केला तर काय होऊ शकतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे दिसणार?

हे सगळं वाचलेलं असल्यामुळे आखाती देशांशी झालेल्या सामंजस्य करारांच्या बातम्या मला फारशा भावल्या नाहीत. कतारशी करार 1985 चा, त्याला 2007 मध्ये जोड मिळाली. संयुक्त अरब अमिरातीशी 2006, कुवेतशी 2007, ओमानशी 2008, बहारीनशी 2009. प्रत्येकात संयुक्त समितीची तरतूद. समितीची बैठक झाली म्हणून कोणाचा पासपोर्ट मालकाच्या कपाटातून बाहेर आल्याचं माझ्या ऐकण्यात नव्हतं. त्यामुळे मी माणसांवर भरवसा ठेवला. जाणारा मुलगा हुशार असावा, एजंट ओळखीचा असावा, आधी गेलेल्या नातेवाइकाकडून कंपनीची चौकशी करून घ्यावी, आणि मग एजंटाने सांगितलेले पैसे भरून निघावं. पैसे भरल्याशिवाय दार उघडत नाही, हे आम्ही सगळ्यांनी मान्य केलेलं होतं. आमच्या लोकांनी शंभर वर्षं असंच केलं. मुंबईत धोबी तलावाला गावोगावच्या कुडी, म्हणजे गावकऱ्यांची वसतिस्थानं, होत्या. जहाजाची वाट पाहणारा तारवटी तिथे गाववाल्यांसोबत राही. सारंगाच्या हातावर काही ठेवल्याशिवाय बोट मिळत नसे, हेही त्या काळापासून चालत आलेलं. बोटीवर जाण्याची ही किंमत आहे, एवढंच आम्ही त्याला म्हणत आलो.

माझी नोकरी वास्कोत एका शिपिंग एजन्सीत, बोर्डिंग क्लार्कची. बंदरात जहाज आलं की कागद घेऊन शिडी चढायची, कस्टम्स-इमिग्रेशनची कामं पाहायची, कॅप्टनला काय हवं नको विचारायचं. त्यामुळे सी.डी.सी., म्हणजे नाविक-पुस्तिका, कशी काढायची, कोणता कोर्स करावा, करारातल्या अमुक ओळीचा अर्थ काय, हे विचारायला ओळखीची मुलं येत. संध्याकाळी घरी बसून मी त्यांचे कागद वाचून देई.

सप्टेंबर 2012 नंतर येणारी मुलं बदलली. गोव्यातलं खाणकाम थांबलं, आणि मांडवी-जुवारीतून मुरगावला खनिज आणणाऱ्या बार्जेस नदीकाठी बांधून पडल्या. डिचोलीतली, मये-पिळगावकडची मुलं, जी बार्जवर खलाशी होती किंवा ज्यांचं घर ट्रकच्या हप्त्यावर चालत होतं, ती आता बोटीचं बोलू लागली. 2018 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने नूतनीकरण केलेले खाणपट्टे रद्द केल्यावर पुन्हा तीच लाट आली. बार्जवरचा अनुभव परदेशी जहाजावर सरळ चालत नाही. नदीतल्या जहाजांचे परवाने वेगळे, समुद्रावरचे वेगळे. नव्याने कोर्स, नव्याने सी.डी.सी. आणि मग जॉइनिंग मिळण्यासाठी वाट. हे अंतर ज्याला ठाऊक होतं त्याने त्यावर भाव लावला. तेच काम, तीच कंपनी, तोच पगार, आणि एजंटाचा आकडा मात्र लाखाच्या घरात जाऊन पोचला.

इथे माझ्या जुन्या मताला पहिला तडा गेला. मुलं मूर्ख नव्हती. एजंट ओळखीचे होते, काही तर नात्यातले. चौकशी सगळे करत होते. तरी किंमत चढत गेली, कारण मागणारे वाढले होते. शहाणपणाने एक मुलगा वाचतो, त्याची जागा दुसरा घेतो, आणि पैसे घेणारा घेतच राहतो. खाणी बंद पडलेल्या तालुक्यात कामाची गरज हाच एजंटाचा माल होता. त्या मालाचा भाव पाडण्याची ताकद कुठल्याही एका घरात नव्हती.

डिचोलीच्या एका मुलाचं मला विशेष आठवतं. त्याला टगवर काम सांगून दुबईला व्हिजिट व्हिसावर नेलं. तिथे त्याला ज्या बोटीवर चढवलं तिथे जेवण कसंबसं मिळे, पगार पुढच्या महिन्यावर जाई. परत आल्यावर मी म्हटलं, तक्रार कर, मी लिहून देतो. तो म्हणाला, "काका, पैसे घेतले तो आईच्या मामेभावाचा मुलगा. त्याच्यावर केस घातली तर आई घर सोडून जाईल." मग थोड्या वेळाने म्हणाला, "आणि कर्ज सोसायटीचं आहे. ते फिटेपर्यंत मला पुन्हा कुठेतरी जावंच लागेल. कोण नेणार मला मग?" मी त्यावर काही बोलू शकलो नाही. परवाना नसलेल्या एजंटाला तुरुंगात टाकणारा कायदा आपल्याकडे 1983 पासून आहे. पण त्या साखळीत आपल्या बाजूला उभा असतो तो गावचा माणूस, आणि खरा मालक समुद्राच्या पलीकडे. कायद्याचा हात गावच्या माणसापर्यंत पोचतो, आणि त्याच्यावर कोणी तक्रार करत नाही.

मत बदललं ते मात्र बंदरात.

सागरी कामगारांसाठी एक आंतरराष्ट्रीय करार आहे. 2006 मध्ये जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने तो केला, ऑगस्ट 2013 मध्ये तो अमलात आला, आणि भारताने 9 ऑक्टोबर 2015 रोजी त्याला मान्यता दिली. आमच्या कार्यालयात त्याचं पहिलं स्वागत "आणखी एक फाईल" असंच झालं. मीही जहाजावर न्यायच्या कागदांत त्याची प्रमाणपत्रं घालू लागलो आणि विसरलो.

नंतरच्या एका पावसाळ्यात परदेशी झेंड्याचं एक लहानसं मालवाहू जहाज बंदरात आलं. त्यावर भारतीयही होते. शिडी चढताच एका खलाशाने मला बाजूला घेऊन सांगितलं की तीन महिने पगार नाही. असं मी पूर्वीही ऐकलं होतं, आणि पूर्वी आम्ही काय करत होतो तर मालकाच्या कार्यालयाला एक फोन. त्या फोनला उत्तर नसे. या वेळी खलाशांनी लेखी तक्रार दिली. मर्कंटाईल मरीन डिपार्टमेंटचे सर्व्हेअर जहाजावर आले. त्यांनी इंजिन आणि लाइफबोट पाहिली, तशीच पगाराची खाती, प्रत्येकाचा करार आणि कामाच्या तासांची नोंद पाहिली. जहाज अडकलं. पगार जमा झाल्याचं दाखवल्याशिवाय सोडणार नाही, असं मालकाला कळलं. जो मालक फोन उचलत नव्हता त्याच्याकडून दिवसातून अनेकदा फोन येऊ लागले. बंदरात अडकून पडलेल्या जहाजाचा एकेक दिवस मालकाला किती पडतो हे मला नोकरीमुळे माहीत होतं. थकलेला पगार त्यापुढे किरकोळ होता. पगार जमा झाला आणि जहाज गेलं.

मी तो करार तेव्हा पहिल्यांदा नीट वाचला, फाईल म्हणून नव्हे. भरतीबद्दलचं त्यातलं कलम तर मी पुन्हा पुन्हा वाचलं. खलाशाला काम मिळवून देण्यासाठी त्याच्याकडून फी घ्यायची नाही, प्रत्यक्ष नाही आणि आडमार्गानेही नाही. त्याने भरायचं ते फक्त वैद्यकीय प्रमाणपत्राचं, नाविक-पुस्तिकेचं आणि पासपोर्टचं. व्हिसाचा खर्चसुद्धा जहाजमालकाचा. भरती करणाऱ्या संस्थेच्या चुकीने खलाशाचं आर्थिक नुकसान झालं तर ते भरून देण्याची सोय, विमा किंवा तत्सम, त्या संस्थेकडे असायला हवी. जानेवारी 2017 पासून आणखी एक जोड आली: दोन महिने पगार थकला तर खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरायचं, आणि त्याच्या घरी परतण्याचा खर्च व चार महिन्यांपर्यंतचा थकलेला पगार देणारी आर्थिक हमी प्रत्येक जहाजाने दाखवायची. आणि सगळ्यांत हुशारीचं कलम हे, की ज्या देशाने करार मान्य केला नाही त्याच्या जहाजाला आपल्या बंदरात अधिक सवलत मिळणार नाही. म्हणजे करारातून बाहेर राहून स्वस्तात धंदा करण्याची पळवाटच बंद.

मोझांबिकच्या करारात आणि या करारात फरक काय, हा प्रश्न मी स्वतःला विचारत राहिलो. दोन्ही देशादेशांतलेच. पहिल्यात माणूस हा मोबदला होता, त्याच्या बदल्यात सरकारला काहीतरी मिळत होतं. दुसऱ्यात मालकाची सर्वांत महागडी वस्तू, त्याचं जहाज, माणसाच्या हक्कासाठी गहाण पडतं. आणि ते ओलीस ठेवण्याचा अधिकार मुरगावसारख्या बंदरातल्या साध्या सर्व्हेअरला आहे. तोपर्यंत मला वाटे, करार म्हणजे शब्द. त्या पावसाळ्यानंतर मी करारांकडे एकाच प्रश्नाने पाहतो: मालकाने मोडला तर मालकाचं नेमकं काय अडकतं?

या प्रश्नाने पाहिलं की आखाती करारांची दुर्बलता लगेच दिसते. तिथे मालकाचं काही अडकत नाही. जाणाऱ्याचं मात्र सगळं अडकतं: कर्ज, पासपोर्ट, घरची अब्रू. आपला कायदा नोंदणीकृत एजंटाला 30,000 रुपये आणि त्यावरचा जी.एस.टी. एवढीच फी घ्यायला परवानगी देतो. दहावी न झालेल्याला 18 देशांत कामाला जायचं तर सरकारी मंजुरी घ्यावी लागते, ई-मायग्रेट या सरकारी पोर्टलवर नोंद होते, दहा लाखांचा विमा मिळतो. हे मी क्षुल्लक मानत नाही, ज्याला ते मिळालं त्याच्या घरच्यांना विचारा. पण व्हिजिट व्हिसावर निघालेला या सगळ्याच्या बाहेर राहतो, आणि मुळात 30,000 घ्यायला परवानगी म्हणजे नोकरीची किंमत नोकराने द्यायची हे तत्त्व मान्य करणं. एकदा ते मान्य केलं की आकडा फुगायला वेळ लागत नाही. वर घेतलेल्या पैशांची पावती कोणी देत नाही.

फी ही फक्त पैशाची बाब नाही, हे समजायला मला वेळ लागला. पगार करारापेक्षा कमी दिला, तरी कर्ज काढून गेलेला माणूस परत फिरू शकत नाही. खोलीत दहा जण कोंबले तरी तो गप्प बसतो. काम धोक्याचं असलं तरी नाही म्हणत नाही. मालकाला मारझोड करावी लागत नाही, डिचोलीतलं कर्ज ते काम तिथून करत असतं. म्हणून फी मालकाकडे वळवणं ही कामगाराला दिलेली सवलत नव्हे. तोंड उघडण्याचं स्वातंत्र्य त्यातून येतं.

"असं केलं तर मालक दुसऱ्या देशाचे कामगार घेतील," हा आक्षेप मीच पूर्वी सर्वांत जोरात घेत असे. त्यात तथ्य आहे. गृहकामासाठी जाणाऱ्या बायकांसाठी आपण कुवेतमधल्या मालकाकडून 2,500 डॉलरची बँक हमी मागत होतो. तिकडून भरती आटली, आणि 2017 मध्ये आपण ती अट सोडली. सप्टेंबर 2020 मध्ये तर आपल्याच सरकारने आखातात जाणाऱ्यांसाठीचं किमान वेतन 30 ते 50 टक्क्यांनी खाली आणलं, नोकऱ्या टिकाव्यात म्हणून. लोक न्यायालयात गेले, आणि जुलै 2021 मध्ये ते मागे घ्यावं लागलं. पण त्याच आक्षेपाला नेपाळने वेगळं उत्तर दिलं. मे 2018 मध्ये त्यांनी मलेशियाला माणसं पाठवणं थांबवलं, आणि ऑक्टोबरमध्ये झालेल्या करारात भरतीचा, व्हिसाचा, विमानाचा खर्च मालकाने करायचा हे लिहून घेतलं. नेपाळ आपल्याहून किती लहान! त्याच वर्षी एका फिलिपिनो मोलकरणीच्या हत्येनंतर फिलिपिन्सने कुवेतला माणसं पाठवणं बंद केलं, आणि मे महिन्यात झालेल्या करारात पासपोर्ट आणि मोबाईल बाईकडेच राहील हे घालून घेतलं. हे करार कागदावरून जमिनीवर पूर्ण उतरले असं मी म्हणत नाही. पण वाटाघाटीच्या टेबलावर माणसं पाठवणारा देश दुबळाच असतो, हे माझं गृहीतक त्यांनी मोडलं. हाच आक्षेप जहाजांच्या बाबतीतही होता, आणि तिथे तो सगळ्या देशांनी एकत्र येऊन सोडवला. कामगार पाठवणारे देश एकमेकांचा भाव पाडत राहिले तर मालक हसत राहील. त्यांनी एकमेकांशीही बोलायला हवं.

सागरी करारही फसतो, हे सांगितल्याशिवाय हे मनोगत प्रामाणिक ठरणार नाही. 2020 च्या साथीत गोव्यातले तारवटी जगभर क्रूझ जहाजांवर अडकले. मुंबईच्या किनाऱ्यापर्यंत आलेल्या मरेला डिस्कव्हरीवरच्या भारतीयांना उतरायला 23 एप्रिल उजाडला. पुढे वास्कोत मांगोर हिलचे रस्ते बंद झाले, तेव्हाही बंद घरांतून बायका फोनवर नवऱ्यांना विचारत होत्या, कधी येणार. घरी परतण्याचा हक्क करारात लिहिलेला होता. जगभरची सरकारं तो पाळू शकली नाहीत. त्या वर्षअखेरीस सुमारे चार लाख खलाशी मुदत संपूनही समुद्रावर होते, आणि सरकारांनी करार मोडला असं आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या तज्ज्ञ समितीने स्पष्ट म्हटलं. आजही मालकांनी वाऱ्यावर सोडलेल्या खलाशांत भारतीयांचा आकडा मोठा आहे. 2024 मध्ये तो सर्व देशांत सर्वाधिक होता. पण माझं जुनं मत असतं तर मी इथे थांबून म्हटलं असतं, बघा, कागदच. आता मला दिसतं की मोडला असं म्हणायलासुद्धा आधी लिहिलेलं काहीतरी असावं लागतं. दुबईच्या त्या बोटीवरच्या मुलाकडे मोडलं म्हणून दाखवायलाही काही नव्हतं.

आता करारांचा नवा हंगाम आला आहे. सप्टेंबर 2021 मध्ये भारताने पोर्तुगालशी कामगार भरतीचा करार केला. ज्यांचे आईवडील किंवा आजीआजोबा 1961 पूर्वी, पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात जन्मले ते गोवेकर पोर्तुगीज पासपोर्ट काढून कराराशिवाय युरोपात जातात. त्याच गावातला, त्याच बाकावर शिकलेला दुसरा मुलगा, ज्याचे आईवडील घाटावरून आले, तो या कराराच्या वाटेने जाईल. 2023 मध्ये इस्रायलशी बांधकाम आणि शुश्रूषेच्या कामांसाठी करार झाला, आणि ऑक्टोबरात युद्ध पेटल्यानंतरही भरती झाली. आमच्या पेडण्याची हद्द ओलांडून सावंतवाडीकडे गेलं की जर्मनीचं नाव ऐकू येतं. महाराष्ट्राने फेब्रुवारी 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्ग या जर्मन राज्याशी दहा हजार कुशल कामगारांचा करार केला, आणि तेव्हाचे शिक्षणमंत्री दीपक केसरकर सावंतवाडीचेच. भाषा शिकवून पाठवायचं ही कल्पना मला फार आवडते. भाषा येणारा माणूस स्वतःची तक्रार स्वतः सांगू शकतो. या सगळ्या करारांना मी तोच प्रश्न विचारतो. मुलाने वर्षभर भाषा शिकून तयारी केली आणि मालकाने माघार घेतली, तर कोणाचं काय अडकतं? मालक बदलायचा असेल तर व्हिसा राहतो का? युद्धाच्या देशात पाठवताना परतीचं तिकीट कोणाच्या खिशातून? 1983 चा कायदा बदलण्यासाठी 2021 मध्ये मसुदा आला आणि गेला, 2025 मध्ये नवा मसुदा सूचनांसाठी आला. मीही सूचना पाठवली. एकच: कामगाराकडून भरतीची फी शून्य, आणि ही अट यापुढच्या प्रत्येक करारात.

ही सूचना लिहिताना मला खारीवाड्याची आठवण होत राहिली, कारण माझं घर तिथून लांब नाही. तिथल्या मासेमारी ट्रॉलरवर झारखंडचे, ओडिशाचे, छत्तीसगडचे खलाशी आहेत. आमच्यासाठी जसं कुवेत, तसं त्यांच्यासाठी आम्ही. 1 जूनला मासेमारी बंद होते, ते गावी जातात. ऑगस्टात बोटी सुटायच्या आधी मुकादम त्यांना घेऊन येतो. त्याचं कमिशन कधी मालक देतो, कधी त्यांच्या उचलीतून कापलं जातं. जहाजांचा तो करार मासेमारी बोटींना लागू नाही. त्यांच्यासाठी 2007 चा वेगळा करार आहे, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांसाठी 1979 चा कायदा होता, आता तो नव्या संहितेत गेला. 2024 च्या पावसाळ्यात कुटबणच्या जेटीवर कॉलरा पसरला आणि काही खलाशी मेले, तेव्हा बोटीवर संडास नाही, प्यायचं पाणी धड नाही, हे सगळ्या गोव्याने वाचलं. ते काल घडलेलं नव्हतं.

गोवा आणि झारखंड ही दोन राज्यं करार का करू शकत नाहीत? किती खलाशी येतात, कोणाकडे राहतात, मुकादमाचे पैसे कोण देतो, बोट बुडाली तर घरी कोणाला कळवायचं, हे चार कागदांत मावतं. हे मी खारीवाड्यातल्या ओळखीच्या ट्रॉलरमालकांशी बोलतो. ती भली माणसं आहेत, त्यांचे भाऊ-पुतणे स्वतः बोटीवर आहेत. ते म्हणतात, "तुम्ही बोलता ते बरोबर, पण हे लोक उचल घेऊन मधेच पळून जातात. आमचे पैसे बुडतात. त्याचं काय?" मी म्हणतो, तुमच्या पुतण्याच्या जहाजावर उचल नसते. तिथे महिन्याचा पगार घरच्या खात्यात जमा होतो, मुदत ठरलेली असते, परतीचं तिकीट मालकाचं असतं. तो कुठे पळून जातो? पळतो तो, ज्याला पगार मिळेल याचा भरवसा नसतो. एक मालक यंदा मुकादमाचे पैसे स्वतः द्यायला आणि पगार बँकेत भरायला तयार झाला आहे. बाकीचे म्हणतात, त्याचं काय होतं ते बघू.